वडिलांना बोलवा

बायबलमधल्या एका लहानशा परिच्छेदाचे आमच्या घरात तीन अर्थ होते. माझी धाकटी बहीण आजारी पडेपर्यंत त्यावरून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

परिच्छेद नव्या करारातल्या एका पत्राच्या अखेरीस येतो. कोणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, म्हणजे चर्चमधल्या जाणत्या, जबाबदार लोकांना. त्यांनी प्रभूच्या नावानं त्याला तेल लावावं आणि प्रार्थना करावी. विश्वासानं केलेली प्रार्थना त्याला वाचवील, प्रभू त्याला उठवील, आणि त्याच्या हातून पाप झालं असेल तर त्याची क्षमा होईल. मजकूर एवढाच. आम्ही तिघं भावंडं हे ऐकतच मोठी झालो.

आमचे वडील, आबा, धुळ्याच्या जुन्या मिशनच्या मंडळीचे पाळक होते. सोनगीरकडची खेडी आणि वर सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती त्यांच्याकडे होती. सायकल, मागे कॅरियरला बांधलेली पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि भाकर. त्यांना शिकवणारे परदेशी मिशनरी होते आणि त्यांनी आबांना या परिच्छेदाचा अर्थ पक्का करून दिला होता. त्या काळी तेल हे औषध होतं, जखमेवर तेलच ओतायचे. म्हणून तेल लावा म्हणजे औषध करा, आणि जोडीला प्रार्थना करा. चमत्काराचे दिवस येशूच्या प्रेषितांबरोबर, त्याच्या पहिल्या शिष्यांबरोबर, संपले. एखाद्या खेड्यात बाई तापानं फणफणलेलं मूल त्यांच्यापुढे आणून म्हणायची, "आबा, डोक्यावर हात ठेवा." आबा मुलाला उचलून कॅरियरवर बसवायचे, बाईला पाठीमागून धरायला सांगायचे आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागायचे. "प्रार्थना वाटेत करू," म्हणायचे.

भाऊ भुसावळला रेल्वेत लागला. तिथल्या एका कॅथलिक मुलीशी त्यानं लग्न केलं आणि तिच्याच चर्चमध्ये गेला. त्याच्या चर्चमध्ये हे तेल संस्कार असतो. बिशप ते ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आशीर्वादित करतात आणि आजाऱ्याला ते फक्त फादरच लावू शकतात. रोगी बरा झाला तर उत्तम. नाही झाला तरी त्याला बळ मिळतं, क्षमा मिळते आणि पुढच्या वाटेला तो एकटा जात नाही. नाताळात भाऊ घरी आला की करंज्या खाताखाता आबा आणि तो यावरून वाद घालायचे. आई हयात होती तोवर मधूनच ओरडायची, "दोन्ही गप बठा, चहा थंडा व्हई ऱ्हायना." मग दोघं कप उचलायचे.

धाकटीची गोष्ट वेगळी होती. ती जळगावला पिंप्राळ्यात राहायची. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, आबांची प्रार्थना झाली, भावानं आपल्या चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे खास उपासना, ठेवली. शेवटी शेजारणीनं तिला एका संगतीत नेलं. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या शेडखाली लोक जमायचे, टाळ्या वाजवून गायचे, कुणी आत्म्याच्या भरात अन्य भाषांमध्ये, ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या, बोलायचं. तिथले पास्टर पूर्वी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्यांनी आणि तिथल्या चारदोन जाणत्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, मोठमोठ्यानं प्रार्थना केली. त्यानंतरच्या वर्षी तिला मुलगी झाली.

आता तिला कुणी काय समजवणार? आबांनी एकदा प्रयत्न केला. "माय, प्रभूची मर्जी होती म्हणून झालं. तेलानं नाही." ती हसली. म्हणाली, "आबा, तुम्ही पुस्तकातून सांगता. माझ्या मांडीवर आहे ती."

मुलगी बारावीला गेली त्या हिवाळ्यात मी पिंप्राळ्याला गेले होते. भरिताची वांगी आली होती. ती स्वयंपाकघरात वांगी भाजत होती, मी कांद्याची पात चिरत होते. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिनं उजवा हात उचलला आणि तो खांद्यापर्यंत येऊन थांबला. तिनं गुपचूप डावा हात वर केला. मी विचारलं, "काय झालं हाताला?" ती म्हणाली, "काही नाही, अक्का." मी चाकू खाली ठेवला. तिनं गॅस बंद केला, मला आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली आणि ब्लाउजची बटणं काढली.

मी जे पाहिलं ते इथं लिहिणार नाही. वास येत होता एवढं सांगते.

"बरं होत आलंय," ती म्हणाली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही; एखादं गुपित चांगलं निघणार असल्यासारखा. "आधी याच्यापेक्षा मोठं होतं. दर शुक्रवारी तेल लावतात."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवायला गेले म्हणजे माझा विश्वास नाही असं होईल ना."

मला वाटलं, हे तिला पास्टरनं शिकवलं. संध्याकाळी मी तणतणत त्या किराणा दुकानावर गेले. पास्टर खाली ओट्यावरच उभे होते. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अक्का, मी त्यांना दोनदा सांगितलं, तपासून घ्या. मी म्हटलं, डॉक्टरपण देवाचेच. त्या म्हणाल्या, मुलगी झाली तेव्हा कुठे डॉक्टर होता?" ते खोटं बोलत नव्हते. घरी येऊन बहिणीला विचारलं तर तिनंही तसंच सांगितलं. बायबलमधलं ते वचन तिनं सबंध धरलं होतं, त्यांच्यापेक्षाही घट्ट.

शेवटी मीच हट्टानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रोग हाडांत आणि फुप्फुसात पोचला होता. केमो देता येईल, म्हणाले. किती उपयोग होईल सांगता येत नाही. धुळ्याला परतल्यावर मी आबांना सांगितलं. ते अंगणातल्या खुर्चीत बसले होते. वयोमानानं त्यांचा उजवा हात कापायचा, तो त्यांनी डाव्या हातानं धरला आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन आपली पिशवी भरायला लागले.

तेव्हापासून आम्ही दोघं पिंप्राळ्यातच राहिलो, उन्हाळाभरही. कूलरची घरघर दिवसभर चालू असायची, तरी भिंती तापायच्या. केमोनंतर तिला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून मी मागच्या गॅलरीत स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करायचे. संगतीतल्या बायका यायच्या. त्या वाईट नव्हत्या. पाळीपाळीनं धुणं धुवायच्या, मुलीला डबा द्यायच्या. पण त्यांच्यातलीच एक वयस्कर बाई एकदा उशाशी बसून म्हणाली, "ताई, वचन खोटं होत नाही. कुठंतरी लपलेलं पाप असेल. आठवून पाहा."

बहीण आठवायला लागली.

तो आठवडा सगळ्यांत वाईट. ताप, ओकाऱ्या, तोंडात फोड, आणि ती आठवतेय. शाळेत असताना एका मुलीची रिबीन घेतली होती. सासूशी एकदा खोटं बोलली होती. शेजारणीबद्दल वाईट बोलली होती. ज्यांचे नंबर होते त्यांना तिनं फोन करून माफी मागितली. समोरची माणसं भांबावून जायची. सासू हयात नव्हती म्हणून तिच्या बहिणीला फोन केला; तिला तर काय चाललंय तेच कळेना. ती "हा हा, बरं बरं" म्हणत रडायला लागली. मग एके दुपारी धाकटी मला म्हणाली, "अक्का, तुझी काचेची बांगडी मी फोडली होती आणि मांजरावर ढकललं होतं." मला ती बांगडी आठवतही नव्हती. मी म्हटलं, "माफ केली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मनापासून?" मी मनापासून म्हटलं. तिचा श्वास जरा मोकळा होईल असं वाटलं होतं, पण ती पुढचं आठवायला लागली होती.

आबा दाराशी खुर्ची घेऊन बसायचे. त्यांना ऐकायला कमी यायचं, पण हे त्यांनी ऐकलं. त्यांनी खुर्ची ओढत आणली आणि खाटेला लावली.

"माय, ते वचन तुला पाठ आहे का?"

"आहे."

"पापाचं काय म्हटलंय?"

तिनं ते वाक्य म्हटलं.

"त्यात 'असेल तर' आहे. असेल तर क्षमा होईल. पाप आहेच असं नाही म्हटलेलं. 'तर' कुणी खाल्ला?"

तिनं ते वाक्य पुन्हा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

"दुसरं बघ. त्या अख्ख्या वचनात आजाऱ्याला काम किती? एकच. बोलवायचं. तेल लावायचं वडिलांनी. प्रार्थना वडिलांनी. विश्वास कुणाचा, तर प्रार्थना करणाऱ्यांचा. दुखणाइताकडून देवानं विश्वाससुद्धा मागितलेला नाही तिथं. तू बोलवलंस ना? तुझं काम झालं."

इतकी वर्षं शास्त्र वाचून मला हे दिसलं नव्हतं. मी बायकांच्या शास्त्रवर्गात शिकवते, हा परिच्छेद कितीदा तरी घेतला असेल. ती मग म्हणाली, "मग मी काहीच नको करू?"

"काहीच नको," आबा म्हणाले.

त्यानंतर तिनं फोन करणं थांबवलं. पण एकदा मी तिचे पाय दाबत होते, घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा ती अहिराणीत बोलली. आई गेल्यापासून आम्ही दोघी एकट्या असलो की तेवढ्यापुरतंच तसं बोलायचो. "अक्का, बठ्ठा लोक म्हणतस विश्वास ठेव. मी ठेवेल शे. तरी माले भेव वाटस."

"माले बी वाटस," मी म्हटलं. 

भाऊ दर सुटीला भुसावळहून यायचा. एका रविवारी तो आपल्या फादरना घेऊन आला. फादर वयस्कर होते, केरळकडचे, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. आबांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली, स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. फादरनी बहिणीचा हात हातात घेतला, तोच परिच्छेद वाचला, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पण तेल त्यांनी आणलं नव्हतं. हा संस्कार आमच्या चर्चच्या लोकांसाठी असतो, ते म्हणाले. बाहेरच्या माणसाला द्यायचा तर त्याला तो स्वतः मागावा लागतो, बिशपांना विचारावं लागतं. ते अवघडून बोलत होते. बहिणीनं काही मागितलं नाही. भाऊ रागानं लाल झाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

निघताना फादर आणि आबा जिन्याच्या तोंडाशी थांबले. फादर म्हणाले, "उठवील हा शब्द आहे ना, मूळ भाषेत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानासाठीही तोच वापरलाय."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "शिकताना सांगितला होता. पण मी खेड्यात कधी तो अर्थ सांगितला नाही. तापानं तळमळणाऱ्याला काय सांगणार, मेल्यावर उठशील?"

फादर हसले नाहीत. "मला तेच सांगावं लागतं," म्हणाले. "रोज."

त्यानंतर केमो बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, दुखण्याच्या गोळ्या वाढवू. एके सकाळी मी तिचं अंग पुसलं, गाऊन बदलला. आबा नेहमीच्या जागी होते. तिच्या उशाशी संगतीतली तेलाची लहान बाटली होती. तिनं ती उचलायचा प्रयत्न केला. मी तिच्या हातात दिली.

"आबा," ती म्हणाली, "वचनात वडिलांना बोलवा म्हटलंय. माझ्या मंडळीचे वडील मी बोलवले. भाऊनं त्याचे आणले. माझे वडील इथं खुर्चीत बसलेत, त्यांना कुणी बोलवलंच नाही."

आबा म्हणाले, "मी कधी केलेलं नाही, माय. जन्मात कुणाला तेल लावलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"बरी होशील असं मी म्हणू शकणार नाही."

"नका म्हणू."

मला वाटलं ते उठून बाहेर जातील. एका माणसानं आयुष्यभर जे शिकवलं ते त्याला ऐंशीच्या घरात कोणी सोडायला सांगत होतं, आणि सांगणारी त्याची मुलगी होती. ते उठले. बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, ते मी उघडलं. त्यांनी तळहातावर तेल ओतलं, हात कापत होता म्हणून अर्धं चादरीवर सांडलं. बोटं तिच्या कपाळावर ठेवली. केस गळून गेलेले होते, कपाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं. तेल ओघळून तिच्या डोळ्यात गेलं आणि झोंबलं. मी पदरानं पुसलं.

आबांची प्रार्थना लांब असायची. लहानपणी आम्ही त्यांच्या प्रार्थनेत एक झोप काढायचो. त्या दिवशी ते म्हणाले, "हे आमच्या स्वर्गीय पित्या," आणि थांबले. 'पित्या' या शब्दापुढे त्यांना जाता येईना. ओठ हलत होते. कूलर घरघरत होता. खाली कोणी भंगारवाला ओरडत गेला. ते तसेच उभे राहिले, हात तिच्या डोक्यावर, आणि शेवटी तीच म्हणाली, "आमेन."

त्या दिवशी ती दोन घास वरणभात जेवली. मला वेडी आशा वाटली. दुसऱ्या दिवशी ते सगळं बाहेर आलं.

आषाढात, भर दुपारी, मुलगी कॉलेजातून यायच्या आधी ती गेली. शेवटी ती बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर शांती होती असं सगळे सांगतात. मी तिथंच होते. ती दमलेली होती.

दफन कोणी करायचं यावरून घरात कुजबुज झाली. नवऱ्याला पास्टर हवे होते आणि तेच योग्य होतं. ती त्यांच्याच मंडळीची होती. पास्टर म्हणाले, "आबांनी एक वचन वाचावं." जळगावच्या कब्रस्तानात चिखल झाला होता. आबांना दोघांनी धरलं होतं. सगळ्यांना वाटलं ते 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे धीराचं स्तोत्र वाचतील किंवा पुनरुत्थानाचं काही. त्यांनी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक वेगळंच स्तोत्र काढलं. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटाशी वळण असतं. रडणारा माणूस अखेर देवाची स्तुती करतो. या एकाला तसं वळण नाही. तो माणूस रात्रंदिवस हाका मारतो, मला का टाकलंस म्हणून विचारतो, मेलेले उठून तुझी स्तुती करतील का म्हणतो, आणि संपतं ते अंधारात. उत्तर येत नाही.

आबा वाचून थांबले. मागून त्याच वयस्कर बाईचा आवाज आला, "आबा, विजयाचं वचन वाचा!"

"ते तुम्ही वाचा," आबा म्हणाले. "माझं अजून इथंच चाललंय."

कोणीतरी टाळीवर गाणं सुरू केलं. पास्टरनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग नुसता मातीचा आवाज.

पुढे या स्तोत्रावरूनही तिघांचं तेच झालं. संगतीतले लोक म्हणाले, तो जुन्या करारातला माणूस, त्यानं पुनरुत्थान पाहिलेलं नव्हतं, आपण कशाला त्याच्यासारखं रडायचं? भाऊ म्हणाला, आमच्या मठातल्या सिस्टर दर शुक्रवारी झोपण्याआधी हेच म्हणतात, ज्या दिवशी त्यांना रडू आलेलं नसतं त्या दिवशीसुद्धा. कारण कोणीतरी कुठंतरी त्या अंधारात असतंच. आबा पूर्वी उपदेशात सांगायचे की हा कबरीतल्या ख्रिस्ताचा आवाज आहे. कब्रस्तानात त्यांनी ते सांगितलं नाही. नंतरही नाही.

दिवाळी झाल्यावर पास्टर धुळ्याला आमच्या घरी आले. एकटेच. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. ते आबांसमोर खाली जमिनीवर बसले.

"आबा, आमच्या प्रार्थनेत काय कमी पडलं?"

"कमी पडलं म्हणता तर माझीही धरा," आबा म्हणाले. "मीही तेल लावलं होतं."

पास्टरना हे माहीत नव्हतं. ते मग म्हणाले, "त्यांना मुलगी झाली तेव्हा मी गावोगाव साक्ष दिली. त्या साक्षीवर किती लोक आले. आता मी काय सांगू?"

"दोन्ही सांगा."

"लोक जातील."

"जातील."

"मग वचनाचा अर्थ काय, आबा? तुम्ही एवढं शिकलात."

"मला माहीत नाही." आबा हे सहज म्हणाले, पाणी आणा म्हणावं तसं. मी त्यांच्या तोंडून शास्त्राबद्दल हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पास्टर रडायला लागले. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

पास्टरनी पुढच्या शुक्रवारी दोन्ही सांगितलं, असं मला बहिणीच्या मुलीकडून कळलं. बरीच माणसं दुसऱ्या संगतीत गेली. शेडखाली आता थोडेच उरलेत. तेल अजून लावतात.

वर्ष झालं तेव्हा भावानं भुसावळला तिच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवली. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की त्याचा हिशेब देवाकडे, आपण मधे बोलायचं नाही, हे आबांनीच आम्हाला शिकवलेलं. भावानं त्यांना बोलवायचं धाडस केलं नव्हतं. पण आदल्या दिवशी आबा म्हणाले, "मलाही चलायचंय."

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली. तिचं नाव आलं. आबांनी समोरच्या बाकाला धरलं, अर्धवट उठले आणि मला म्हणाले, "बाहेर ने." व्हरांड्यात बसवलं तेव्हा ते धापा टाकत होते. मला वाटलं त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "नाही गं. तिच्यासाठी मागावं म्हणून तोंड उघडलं. काय मागू तेच सुचेना." आतून गाण्याचा आवाज येत होता. भाऊ आम्हाला शोधत बाहेर आला, त्यानं आबांना पाणी दिलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाले, "तुझ्या बायकांना ते वचन शिकवतेस का अजून?"

"नाही. वर्षभर टाळलंय."

"शिकव."

"काय शिकवू, आबा?"

ते बाहेर कपाशीच्या शेतांकडे बघत राहिले आणि पारोळं यायच्या आत त्यांना झोप लागली.

पुढच्या महिन्यात मी वर्गात तो परिच्छेद घेतला. तिन्ही अर्थ सांगितले, जसे मी ऐकले तसे. कुणाचा अर्थ कमी, कुणाचा जास्त असं केलं नाही. आबांचा 'असेल तर' सांगितला, आजाऱ्याचं काम फक्त बोलवायचं हेही सांगितलं. मागे बसलेल्या एकीनं हात वर केला. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाई, यातलं खरं कोणतं?" तिनं विचारलं.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "डायलिसिसला कधी नेता त्यांना?"

"उद्या सकाळी."

"मी येते सोबतीला."

ती बरं म्हणाली. पण तिनं विचारलेलं तिला मिळालं नव्हतं. शेवटची प्रार्थना होऊन बायका उठल्या, चपला शोधायला लागल्या, तरी ती जागेवरच बसून होती.